मनातले शाईपेन विकत घेताना

कापसाच्या चुकाऱ्यातून किंवा पगारातून थोडे थोडे बाजूला काढलेले पैसे एकदाचे पुरेसे होतात आणि वर्षानुवर्षे मनात घोळत असलेले शाईपेन आणण्यासाठी पहाटेच्या एसटीने नागपूर किंवा अमरावती गाठायची घाई होते, तेव्हा आदल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे मी अनुभवले आहे. ही घाई सुखाची असते. मात्र दुकानाच्या पायरीवर ती ठेवून आत निदान अर्धा तास निवांत काढावा.

निघताना आपली रोजची वही आणि एक लहान भिंग पिशवीत अवश्य टाकावे. चाचणीसाठी दुकानात पुढे केलेला कागद जाड आणि गुळगुळीत असला, तर त्यावर बहुतेक निबा छान चालतात. आपल्या दोनशे पानी वहीत शाई फुटते का आणि पाठीमागच्या पानावर उमटते का, हे त्या कागदावरून कळत नाही.

निबेची जाडी ठरवताना आपली लिपी ध्यानात घ्यावी. अक्षर बारीक असेल आणि निब जाड घेतली, तर ‘ळ’ आणि ‘क्ष’ यांच्या गाठी शाईने भरून जातात आणि अनुस्वार मात्रेला चिकटतो. जपानी पेनांची मीडियम, म्हणजे मध्यम जाडीची निब साधारणपणे युरोपीय फाइनच्या, म्हणजे बारीक निबेच्या जवळपास लिहिते, त्यामुळे जपानी पायलट आणि जर्मन लामी या दोन्ही पेनांवर ‘एम’ असे एकच अक्षर कोरलेले असले तरी रेघ सारखी येत नाही. रोज लिहिणाऱ्या मराठी माणसाने फाइनपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

आता खरी पारख. पेन शाईत बुडवून लिहू द्यावे, अशी दुकानदाराला विनंती करावी. बुडवलेल्या निबेवर जादा शाई असते, म्हणून पहिल्या दोन-तीन ओळींवरून मत बनवू नये. पुढे एक लांब शिरोरेषा एका दमात ओढावी. ती मध्येच फिकी पडली, तर शाईचा पुरवठा हाताच्या वेगाला पुरत नाही. मग ‘ळ’ सावकाश गिरवावा, कारण त्यात निब चारही दिशांना वळते. एकाच दिशेला खरखर जाणवली, तर भिंगातून निबेचे टोक समोरून पाहावे. निबेच्या मधोमध असलेल्या चिरेच्या दोन्ही बाजू एका पातळीत नसल्या, तर एक बाजू कागदाला ओरबाडत असते. प्रत्येक शब्दाची पहिली रेघ उमटतच नसेल, तर टोक प्रमाणाबाहेर घासले गेले असण्याची शक्यता असते. ‘लिहून लिहून मऊ होईल’ या आश्वासनावर विसंबू नये. बहुतेक स्टीलच्या निबांच्या टोकावरही फार कठीण मिश्रधातूचा थेंब जोडलेला असतो आणि तो सहजी झिजत नाही. त्याच जातीचे दुसरे पेन मागावे. त्यात संकोच कसला?

शाई भरण्याच्या पद्धतीचा विचार आपल्या उन्हासह करावा लागतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांसारखी ड्रॉपरने भरायची एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची पेने मला मनापासून आवडतात, कारण त्यांत भरपूर शाई मावते. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा पोकळ नळीतली हवा तापून फुगते आणि शाईला जिभेवाटे, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या तिच्या खालच्या भागातून, बाहेर ढकलते. अर्धी रिकामी नळी खिशात घेऊन मी भर दुपारी एसटीत बसलो होतो. गाव येईपर्यंत सदऱ्याच्या खिशाखाली तळहाताएवढा निळा डाग पसरला होता. अशा पेनातली शाई एक तृतीयांशाखाली जाऊ देऊ नये, त्याच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे आणि प्रवासात निब वर ठेवावी. ज्यांचे फिरणे जास्त आहे, त्यांनी कन्व्हर्टरचे (बाटलीतून शाई ओढून घेणाऱ्या काढत्या नळीचे) किंवा काडतुसाचे (आयत्या भरलेल्या शाईच्या नळीचे) पेन घ्यावे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिक्कीत कोणतेच पेन ठेवू नये.

शाई शाईपेनाचीच घ्यावी. चित्रकलेच्या जलरोधक काळ्या शाईत लाख असते आणि ती वाळली की जीभ कायमची तुंबू शकते. पहिल्या पेनाला कॅमलिनची साधी निळी शाई उत्तम, कारण ती पाण्याने सहज धुतली जाते.

घरी पोचल्यावर लगेच शाई भरण्याचा मोह होतोच, तरी आधी निब आणि जीभ थंड पाण्याने धुवावी, म्हणजे कारखान्यातला तेलकटपणा निघून जातो. गरम पाणी वापरू नये. बोअरचे क्षारयुक्त पाणी टाळून फिल्टरचे किंवा गाळलेले पावसाचे पाणी घ्यावे. निब सुती फडक्यावर टेकवून रात्रभर निथळू द्यावी आणि सकाळी शाई भरावी.