साताऱ्यात नोंदणी विवाह: तारीख धरण्याआधीची तयारी

सकाळी जायचं, सह्या करायच्या आणि दुपारी पेढे वाटायचे, अशी नोंदणी विवाहाची कल्पना असेल तर ती आधी सोडा. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे आधी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि मग 30 दिवस थांबावं लागतं. म्हणून पत्रिका छापायला टाकण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा. 1 जानेवारीला नोटीस लागली तर जानेवारीत लग्न होत नाही, आणि मार्चअखेरपर्यंत झालं नाही तर नोटीस बाद होऊन सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

नोटिशीच्या लगेच आधीचे 30 दिवस दोघांपैकी एकाचा मुक्काम जिल्ह्यात हवा. मुलगी कराडला राहते, मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तर साताऱ्यात चालतं. दोघंही पुण्यात राहतात आणि आधारवर फक्त गावचा पत्ता आहे, तर नोटीस पुण्यातच द्या. मुलीचं कायमचं घर जतला असेल तर नोटिशीची प्रत सांगलीला जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. घरी अजून सांगितलं नसेल तर हे ध्यानात असू द्या.

वय मुलाचं 21 आणि मुलीचं 18 पूर्ण हवं. त्यासाठी जन्म दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. सगळ्यात जास्त खोळंबा इथेच होतो: दाखल्यावर 'विठ्ठल', आधारवर 'विट्ठल', किंवा एकीकडे वडिलांचं नाव 'बापू' आणि दुसरीकडे 'बापूराव'. दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडा, आणि दुरुस्ती नोटिशीच्या आधीच करून घ्या. घटस्फोट झालेला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते, अपिलाची मुदतही संपलेली हवी. जोडीदार वारला असेल तर मृत्यू दाखला.

आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. हिंदू विवाह कायद्यात रूढी असेल तर असं लग्न चालतं. विशेष विवाह कायद्यात मात्र मामेभाऊ-बहीण आणि आतेभाऊ-बहीण निषिद्ध नात्यांच्या यादीत आहेत, आणि शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेली रूढी असेल तरच सूट मिळते. अशा जोडप्याने विधीवत लग्न करून मग नोंदणी करावी, तोच सरळ मार्ग.

ती नोंदणी 1998 च्या राज्य कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. नमुना 'ड' भरायचा, तीन साक्षीदार न्यायचे, लग्न लावणाऱ्या भटजींची सही घ्यायची. हे 90 दिवसांच्या आत उरका. भटजींची सही मांडवातच घेतलेली बरी, नंतर त्यांना गाठायला चार फेऱ्या होतात.

नोंदणी विवाहालाही साक्षीदार तीनच. त्यांना मूळ ओळखपत्र घेऊन यायला सांगा, आणि एखादा चौथा माणूस तयार ठेवा. सही करण्याआधी प्रमाणपत्रावरची नावं, जन्मतारखा दोघांनी मोठ्याने वाचून घ्या.