टँकमध्ये ‘शांत’ आफ्रिकन सिक्लिड सोडताय? मग या चुका टाळा

आधी एक क्लिअर करतो, आफ्रिकन सिक्लिड या रंगीत, भांडखोर माशांमध्ये शांत म्हणजे गप्पीसारखा शांत नव्हे. येलो लॅब, रस्टी, पीकॉक हे आफ्रिकेतल्या मलावी लेकमधले त्यातल्या त्यात सभ्य मासे, म्हणजे एकमेकांना हाकलतील, दगडाखालच्या जागेवरून भांडतील, पण सहसा जीव घेत नाहीत. तेही सोबत कोण सोडलंय त्यावर.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे रंग बघून मासा उचलणं. दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून एक टाकी असते, त्यात दीड-दोन इंची पिल्लं, आणि लोक भाजी घेतल्यासारखं दोन निळे द्या तीन पिवळे द्या करत पिशवी भरतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी चार फुटी टँकसाठी असंच केलं. त्यात एक पिवळाधमक मासा होता, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळे आडवे पट्टे, दुकानदाराने सांगितलं येलो लॅबचीच व्हरायटी आहे. अहो, येलो लॅबचा काळा रंग परांवर असतो, पाठीवरच्या पराची ती काळी पट्टी, अंगावर असे ठसठशीत पट्टे नसतात. मी बघितल्या बघितल्या म्हटलं काका हा ऑराटस आहे, महाभांडखोर, परत देऊन या. काका म्हणाले, ‘अरे किती गोड आहे, राहू दे.’

राहिला. ऑराटसचा नर मोठा होऊन दादागिरीवर आला की त्याचा रंग उलटा होतो, अंग काळपट चॉकलेटी आणि पट्टे फिके, तसा तो झाला आणि अर्धा टँक त्याचा सातबारा. मी गेलो तेव्हा एक पीकॉक हीटरच्या मागे, पाण्याच्या अगदी वर, कोपऱ्यात तिरका लटकलेला, शेपटीच्या नुसत्या काड्या उरलेल्या. आणि काकांचं निदान काय, तर ‘पाणी लागलंय’. त्यांनी टँकमध्ये मिथिलीन ब्लू हे औषध ओतलं, त्यात माशांची घाण पचवणाऱ्या, फिल्टरमधल्या चांगल्या बॅक्टेरियाचाही बोऱ्या वाजला. ऑराटस पकडायला शेवटी सगळे दगड बाहेर काढावे लागले, कारण दगड असताना तो मासा जाळीत येतच नाही, रविवार त्यातच गेला. पीकॉक काही वाचला नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे, दुकानदाराला माशाचं नाव सांगता येत नसेल तर मी तो घेत नाही, फुकट दिला तरी. आणि नाव कळलं की तिथेच मोबाईलवर मोठ्या नराचा आणि मादीचा, दोन्ही फोटो बघतो. लॅब लहानपणी नर की मादी ओळखता येत नाहीत, म्हणून मी सहा-आठ पिल्लं घेऊन वाढवतो आणि जास्तीचे नर मित्रांना देतो, एका नरामागे दोन-तीन माद्या राहिल्या की टँक निवांत असतो. पीकॉकच्या माद्या मात्र सगळ्या जातींच्या सारख्याच राखाडी-तपकिरी, मिसळल्या की पिल्लं संकर होणार. दोन इंची पीकॉक फुल रंगात दिसला तर खूश होऊ नका, बऱ्याचदा हार्मोन दिलेला असतो, नंतर रंग उतरतो.

दुसरी चूक घाईची. ‘घरी सत्यनारायण आहे, त्याआधी टँक भरलेला दिसला पाहिजे’ हे वाक्य मी खरंच ऐकलंय. नवा टँक, नवा फिल्टर, पाणी भरून दोन दिवस झाले आणि एकदम डझनभर मासे. त्यात कोणीतरी सांगितलेलं असतं की आफ्रिकनला पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) 8 च्या वर लागतो, मग पावडर टाकून तो चढवायचा. लागतो हे खरंय, मलावीचं पाणी साधारण 7.8 ते 8.6 असतं. पण माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो, 7 चा 8 झाला की जवळपास दहापट. म्हणजे जेवढ्या घाणीत गोल्डफिश कसाबसा तग धरेल तेवढ्यात तुमचे लॅब वर येऊन धापा टाकतील. मी जुन्या टँकच्या फिल्टरचा मळका स्पंज, त्यात ते चांगले बॅक्टेरिया असतात, नव्यात आठवडे दोन आठवडे चालवतो, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राईट शून्य दिसले की मगच मासे, तेही तीन-चार करत. पावडरीच्या नादी लागत नाही. मुंबई-पुण्याचं नळाचं पाणी सॉफ्ट, म्हणजे कमी क्षारांचं असतं, तिथे कोरलचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवला की पीएच हळूहळू वर जातो आणि टिकतो. बोअरचं पाणी असेल तर बहुतेक वेळा तेही लागत नाही, आधी मोजून बघा.

आरओचं पाणी? नको, सिक्लिडला लागणारे क्षारच त्यात काढून टाकलेले असतात.

दगड वाळूवर रचू नका. हे मासे खालची वाळू उकरतात आणि दगड काचेवर येतो. आधी दगड, मग वाळू.

रोज ब्लडवर्म (लाल अळ्या) देणाऱ्यांनो, पोट फुगून मेलं की दुकानदाराला शिव्या देऊ नका. स्पिरुलिनावालं (शेवाळाचं) फूड, दिवसातून दोनदा, थोडंच.

क्रिबेन्सिस पण आफ्रिकनच आहे, पण पश्चिम आफ्रिकेतल्या सॉफ्ट पाण्यातला, त्याला यांच्यात ढकलू नका.

नवीन मासा सोडताना लाईट बंद करून दगड थोडे हलवतो, जुन्यांची हद्दच मोडते.

आणि मादीचा गळा फुगलाय, ती खात नाहीये, म्हणून लगेच औषध ओतू नका. तोंडात अंडी धरलीत तिने, साधारण तीन आठवडे ती जवळजवळ उपाशीच राहते.