नवीन टीम लीडसाठी : वन-ऑन-वनचा अर्धा तास कसा वापरायचा

बढतीचं पत्र हातात पडलं की बहुतेक नवे लीड आधी ट्रॅकर शीट बनवायला घेतात. त्याआधी कॅलेंडर उघडा. टीममधल्या प्रत्येकाशी दोघांतच बोलायला, म्हणजे वन-ऑन-वनसाठी, दर पंधरा दिवसांनी अर्धा तास लावून टाका, वार आणि वेळ ठरलेली. आठ जणांची टीम असेल तर महिन्याचे आठ तास जातात. आयटीत बऱ्याच कंपन्यांत नोटीस पिरियड ९० दिवसांचा असतो, पण राजीनाम्याचा मेल आल्यावर केलेली मनधरणी सहसा फुकट जाते. माणसाचं मन कामावरून उडतंय हे आधी कळायचं असेल तर त्याला निवांत बोलायला जागा हवी. ती जागा म्हणजे हा अर्धा तास.

सोमवारची सकाळ आणि शुक्रवारची दुपार टाळा. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असलेल्या औद्योगिक पट्ट्यात बुधवारची दुपार म्हणजेच शुक्रवार. कारखान्यात शिफ्ट बदलताना कुणालाही बाजूला घेऊ नका; लाइन सुरळीत झाल्यावर, त्याच्या जागी रिलीव्हर (बदली माणूस) उभा करून, मशीनच्या आवाजापासून दूर १५ मिनिटं बसलात तरी पुरे. कँटीन नको, तिथे प्रत्येक टेबलाला कान असतात. मीटिंग रूममध्ये समोरासमोर बसलं की इंटरव्ह्यू वाटतो, म्हणून टेबलाच्या कोपऱ्याला बसा. लॅपटॉप बंद, फोन पालथा, समोर फक्त वही.

पहिली १५ मिनिटं समोरच्याची, पुढची १० तुमची, शेवटची ५ ठरलेलं लिहून घ्यायला. हा क्रम उलटवू नका. तुम्ही ‘त्या टिकिटाचं काय झालं?’ असं सुरू केलंत की अर्धा तास टिकिटांतच, म्हणजे नोंदवलेल्या कामांच्या हिशेबातच, जातो, आणि दोन भेटींनंतर समोरचा स्टेटस पाठ करूनच येतो.

‘काही प्रॉब्लेम?’ या प्रश्नाला ‘नाही, सगळं ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळणार. जो रेटिंग देतो त्याच्यासमोर अडचण कबूल कोण करेल? प्रश्न छोटा आणि नेमका ठेवा. ‘गेल्या आठवड्यात कुठल्या कामात उगाच वेळ गेला?’ ‘कुणाच्या उत्तरासाठी थांबावं लागलं?’ आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत, थोडा विश्वास बसल्यावर, ‘माझ्यामुळे काय अडलंय?’ प्रश्न विचारून झाला की मनात सातपर्यंत आकडे मोजा. शांतता असह्य होऊन लीडनेच बोलायला सुरुवात करणं, ही या भेटींतली सगळ्यात नेहमीची चूक.

तू-तुम्हीचा घोळ इथेच निस्तरा. ज्याच्याशी अरे-तुरे होतं ते तसंच राहू द्या. बढतीनंतर अचानक ‘तुम्ही’ आलं की समोरचा सावध होतो. वयाने मोठ्या सहकाऱ्याला अहो-जाहो करत असाल, तर तो आता तुम्हाला रिपोर्ट करतो म्हणून त्यात बदल नको. ‘सर म्हणू नका’ हे एकदाच सांगा. तरी म्हणालेच तर सोडून द्या. दोघांत मराठी बोला, पण मराठी न येणारा एक जरी टीममध्ये असेल तर सगळ्यांच्या बैठकीत मराठी विनोद आवरा. तो हसत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही, त्याच्या मात्र येतं.

चूक दाखवताना तीन गोष्टी सांगा: प्रसंग, वागणं, परिणाम. ‘तू नेहमी उशीर करतोस’ म्हणालात की तो वेळेवर आलेले दिवस मोजून दाखवेल. त्याऐवजी: ‘मंगळवारच्या क्लायंट कॉलला तू १२ मिनिटं उशिरा आलास. रिलीजची तारीख विचारली तेव्हा सांगायला कुणी नव्हतं, आणि आता ते रोज मेल मागतायत.’ मग थांबा आणि त्याची बाजू ऐका. हे दोन दिवसांच्या आत, एकट्याला सांगायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच नाही. एप्रिलच्या अप्रेझलला ऑगस्टमधली चूक काढणारा लीड कुणालाच आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कोचिंगसाठी ‘ग्रो’ ही चार पायऱ्यांची पद्धत सोपी पडते: ध्येय, सद्यस्थिती, पर्याय, निर्धार. समजा सॉफ्टवेअर तपासणारी एक टेस्टर म्हणते, ‘तो डेव्हलपर माझे बग रिप्रोड्यूस होत नाहीत म्हणून परत पाठवतो.’ म्हणजे तिने नोंदवलेली चूक त्याच्याकडे पुन्हा घडून दिसत नाही. तोंडावर पहिलं वाक्य येतं, ‘मी बोलतो त्याच्याशी.’ ते गिळा. तुम्ही बोललात की त्याच्या लेखी तिने चुगली केली, आणि पुढचा प्रत्येक बग तुमच्यामार्फत जाणार. आधी विचारा, पंधरा दिवसांत काय बदललेलं हवं? मग शेवटचे दहा बग उघडून दोघं बघा: किती परत आले, त्यांत बिल्ड नंबर, डिव्हाइस, लॉग, पायऱ्या यांपैकी काय नव्हतं? त्यानंतर पर्याय. पहिला पर्याय बहुधा तुम्हाला खूश करण्यासाठी असतो, म्हणून ‘आणखी?’ असं निदान दोनदा विचारा. तिसऱ्या खेपेला कदाचित कामाचं निघेल: बग टाकण्याआधी दहा मिनिटं त्याच्या डेस्कवर जाऊन दाखवणं. शेवटी वार पक्का करा. ‘बघते’, ‘होऊन जाईल’ याला निर्धार म्हणत नाहीत. ‘गुरुवारी, पुढच्या दोन बगसाठी’ हा निर्धार.

सगळीकडे हे चालत नाही. प्रॉडक्शन बंद पडलंय, मशीनवर सुरक्षेचा प्रश्न आहे किंवा माणूस कालच रुजू झालाय, तर प्रश्न विचारत बसू नका, काय करायचं ते सरळ सांगा. सगळं गुप्त ठेवण्याचा शब्दही देऊ नका. कुणी लैंगिक छळाबद्दल बोललं तर स्वतः चौकशी करायची नाही. २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. लेखी तक्रार सर्वसाधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. ही मुदत सांगा आणि समितीकडे जायला मदत करा. पगारवाढीचा विषय निघाला तर ‘करून देतो’ म्हणू नका. कधी विचारणार आणि उत्तर कोणत्या तारखेला कळवणार, एवढंच सांगा.

वहीत प्रत्येकासाठी तीनच ओळी लिहा: ते काय करणार, तुम्ही काय करणार, कधीपर्यंत. पुढच्या भेटीत तुमच्या ओळीपासून सुरुवात करा, काम झालं नसेल तरी. भेट रद्द करावी लागली तर त्याच मेसेजमध्ये त्याच आठवड्यातली दुसरी वेळ द्या. लागोपाठ दोन रद्द झाल्या की तिसऱ्या वेळी समोरचाच म्हणतो, ‘राहू दे, विशेष काही नाहीये.’