हॉस्पिटलचं जुनं बिल अचानक आलं? या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत अधूनमधून असं एक पाकीट येऊन पडतं. वर कधी न ऐकलेल्या कंपनीचं नाव, आत पाच-सात वर्षांपूर्वीची तारीख, 'मेडिकल सर्व्हिसेस' एवढंच मोघम वर्णन आणि खाली हजार-दीड हजार डॉलरचा आकडा. कधी पाकिटाच्या आधी फोनच येतो. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम केलं, त्यामुळे ओळखीतले लोक अशा वेळी मला विचारतात. वाईट याचंच वाटतं की बहुतेकांचा फोन पैसे भरून झाल्यावर येतो.

'कटकट नको' म्हणून थोडेसे पैसे भरून टाकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती नेमकी सरळमार्गी माणसंच करतात. कुणाचं देणं डोक्यावर ठेवायचं नाही, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलेलं असतं. ते योग्यच आहे, मीही तशीच वागते. पण देणं आहे का, असलं तर किती, आणि समोरच्याला ते मागायचा हक्क आहे का, हे आधी ठरलं पाहिजे. जुनी थकबाकी वसुलीसाठी कलेक्शन एजन्सीकडे जाते किंवा मूळ रकमेच्या अगदी थोड्या किमतीत विकली जाते. विकत घेणाऱ्याच्या हाती पुष्कळदा नाव, पत्ता, तारीख आणि रक्कम एवढीच यादी पडते. इन्शुरन्सने काय भरलं, तुम्ही त्या दिवशी खिडकीवर कार्डाने काय दिलं, हे त्या यादीत असेलच याची खात्री नाही.

एडिसनला आमच्या ओळखीचं एक जोडपं आहे. त्यांचा मुलगा लहान असताना घसरगुंडीवरून पडला, हनुवटीला टाके पडले. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत दीडशे डॉलर कोपे, म्हणजे पेशंटने स्वतः भरायचा ठरावीक हिस्सा, भरला आणि विषय संपला. साडेसात वर्षांनी नवऱ्याला ऑफिसच्या वेळात फोन आला: त्या रात्रीच्या डॉक्टरांचे ११४० डॉलर बाकी आहेत. बोलणारी बाई अतिशय नम्र होती. "सगळे नकोत, आज निदान चाळीस डॉलर भरा, म्हणजे फाइल पुढे जाणार नाही," असं ती म्हणाली. मीटिंगची वेळ झालेली, याने गाडीत बसल्याबसल्या कार्डाचा नंबर सांगून टाकला. संध्याकाळी बायकोने मला फोन केला.

न्यू जर्सीत अशा देण्यासाठी दावा लावायची मुदत ६ वर्षं असते. ती कधीच उलटली होती. मुदत उलटलेल्या कर्जासाठी एजन्सीने दावा लावणं किंवा तशी धमकी देणं यावर नोव्हेंबर २०२१पासून केंद्राच्या नियमाने बंदी आहे. पण अर्धवट पैसे भरले की न्यू जर्सीसारख्या राज्यांत ती मुदत नव्याने सुरू होऊ शकते. म्हणून तर चाळीस डॉलर मागितले होते. मुदत राज्याराज्यांत वेगळी आहे: न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय देण्याला २०२०पासून ३ वर्षं, टेक्ससमध्ये ४. पैसे भरल्यावर ती पुन्हा सुरू होते का, याचेही नियम वेगळे आहेत. फोन कानाला असताना हे आठवत नाही, म्हणून फोनवर एक डॉलरही भरायचा नाही.

पुढे काय झालं ते सांगते, कारण खरं काम तिथेच आहे. इन्शुरन्स कंपनी प्रत्येक क्लेमनंतर 'एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स' पाठवते, म्हणजे इन्शुरन्सने किती भरलं आणि पेशंटचा हिस्सा किती याचा कागद; त्याला आम्ही ईओबी म्हणतो. बहुतेक लोक 'धिस इज नॉट अ बिल' हे वाचतात आणि कागद फेकून देतात. या दोघांनीही फेकला होता. नोकरी बदलल्यामुळे जुन्या इन्शुरन्सचं लॉगिन बंद झालेलं. मी त्यांना इन्शुरन्सच्या मेंबर सर्व्हिसला फोन करून त्या तारखेचे सगळे ईओबी टपालाने मागवायला लावले. आले तेव्हा कळलं की डॉक्टरांच्या गटाने क्लेमच उशिरा पाठवला होता, म्हणून इन्शुरन्सने तो नाकारला. गटाच्या हिशोबात अशा नकाराला सीओ-२९ असा कोड लागतो. कोडच्या सुरुवातीची अक्षरं सीओ असतील तर नुकसान करारानुसार डॉक्टरने सोसायचं, पीआर असतील तर पेशंटने भरायचं. डॉक्टर इन्शुरन्सच्या नेटवर्कमधले होते आणि ईओबीवर पेशंटच्या हिश्श्याच्या रकान्यात स्पष्ट शून्य होता. म्हणजे देणं कधी नव्हतंच. ईओबीची प्रत जोडून पत्र गेल्यावर एजन्सीने खातं बंद केल्याचं कळवलं. चाळीस डॉलर मात्र परत आले नाहीत.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते: ईओबी दहा वर्षं ठेवा. स्कॅन करा आणि वर्षाप्रमाणे फोल्डर करा. नोकरी सोडायच्या आठवड्यात जुन्या इन्शुरन्सच्या साइटवरून सगळे उतरवून घ्या. पगाराच्या स्लिपा आपण किती जपून ठेवतो!

फोनवर वाद घालणं, किंवा फोनवरच कबूल करणं

"हो, ते माझंच असेल" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख, बँकेचा नंबर, काहीच द्यायचं नाही. एजन्सीचं नाव आणि टपालाचा पत्ता लिहून घ्या, "लेखी पाठवा" म्हणा आणि फोन ठेवा. खरी एजन्सी असेल तर १९७७च्या फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्टप्रमाणे पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत तिला लेखी तपशील द्यावा लागतो. त्यात मूळ रक्कम, व्याज, फी, जमा झालेले पैसे असा हिशोब आणि वाद नोंदवायची शेवटची तारीख असते. फसवा फोन असेल तर पत्र येतच नाही.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवेपर्यंत एजन्सीला वसुली थांबवावी लागते. ३० दिवसांनंतरही हरकत घेता येते, पण मग थांबायचं बंधन त्यांच्यावर राहत नाही. हे पत्र चार ओळींचं पुरतं: हे कर्ज मला मान्य नाही, मूळ डॉक्टर किंवा हॉस्पिटलचं नाव, उपचाराची तारीख आणि बाबवार बिल पाठवा, पुरावा येईपर्यंत वसुली थांबवा. मी ते नेहमी पोस्टातून सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसह पाठवायला लावते. सही होऊन परत आलेलं हिरवं पोचकार्ड पत्राच्या प्रतीला टाचून ठेवायचं. ईमेलने भागतं असं तरुण मंडळी म्हणतात. भागतही असेल, पण मला सहीचं कार्ड हातात लागतं.

लक्षात ठेवा, हा कायदा बाहेरच्या वसुलीवाल्यांसाठी आहे. हॉस्पिटल स्वतःच्या नावाने मागत असेल तर तिथे बहुधा लागू होत नाही, मग थेट त्यांच्या बिलिंगला लेखी विचारायचं.

यूट्यूबवरची तयार पत्रं

'हिपाचा भंग केला म्हणून कर्ज रद्द' अशा मजकुराची पत्रं सध्या सर्रास फिरतात. हिपा हा पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा आहे, पण तो वसुलीसाठी लागेल तेवढी माहिती एजन्सीला द्यायला परवानगी देतो, त्यामुळे या पत्राने कर्ज रद्द होत नाही. उलट तीन पानांच्या कायदेशीर भाषेत "माझ्या उपचारांची माहिती तुम्ही फोडली" असं लिहून माणूस उपचार झाले आणि ते माझेच होते हे स्वतः मान्य करून बसतो. एका मुलाने असं पत्र मला अभिमानाने दाखवलं होतं. त्याच्याकडे मूळ ईओबी होता, तो एका पानाचा कागद पाठवला असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. झटपट युक्ती शोधणाऱ्यांचा मला राग येत नाही, काळजी वाटते. कागद शोधायला लागणारा एक शनिवार वाचवायला जातात आणि सहा महिने अडकतात.

बिल कुणाचं आहे हेच न पाहणं

हॉस्पिटलचं बिल भरलं म्हणजे सगळं भरलं, असं या देशात होत नाही. इमर्जन्सीतले डॉक्टर, एक्स-रे वाचणारा रेडिऑलॉजिस्ट, भूल देणारा, ॲम्ब्युलन्स यांची बिलं वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने येतात. म्हणून नाव ओळखीचं नाही एवढ्यावरून बिल खोटं ठरवू नका, आणि हॉस्पिटलचं नाव ओळखीचं आहे एवढ्यावरून खरंही मानू नका. हॉस्पिटलचा नंबर पत्रातून घेऊ नका, स्वतः शोधा. खात्याचा पूर्ण उतारा मागा, म्हणजे कोणत्या तारखेला कुणी किती भरलं ते दिसेल.

आई-बाबांचं बिल मुलाने घाबरून भरणं

पुण्याहून बाबा आले, छातीत दुखलं, एक रात्र हॉस्पिटलात काढली. व्हिजिटर इन्शुरन्स ठरावीक रकमेपर्यंतच देणारा होता. बाबा परत गेले आणि तीन वर्षांनी मुलाच्या पत्त्यावर पत्र आलं. सज्ञान माणसाचं बिल त्या माणसाचं असतं. दाखल करताना तुम्ही स्वतः गॅरंटर, म्हणजे बिलाचा हमीदार, म्हणून सही केली आहे का, ते आधी पाहा. सही केलेल्या फॉर्मची प्रत हॉस्पिटलकडून मागवा. पेनसिल्व्हेनियात मात्र आई-वडिलांच्या खर्चाची जबाबदारी मुलांवर टाकणारा जुना कायदा आहे, तिथे राहणाऱ्यांनी वकिलाला विचारावं. आणि सही केली नसली तरी बाबांचं देणं खरं असेल, तर ते कसं फेडायचं हे घरात बसून, रक्कम तपासून, घासाघीस करून ठरवा. फोनवरच्या माणसाच्या घाईने ठरवू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात.

वैद्यकीय देणं क्रेडिट कार्डावर टाकू नका, ते साधं कार्डाचं कर्ज होतं आणि त्यावर कार्डाचं व्याज चढतं.

थकलेल्या बिलासाठी अटक होत नाही, आणि वसुलीवाल्याच्या हातात कुणाचा व्हिसा नसतो. तशी धमकी दिली तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि सीएफपीबी या ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी घेणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे व राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार करा.

क्रेडिट स्कोअरच्या भीतीने पैसे भरू नका. भरून झालेली आणि ५०० डॉलरच्या आतली वैद्यकीय थकबाकी तिन्ही क्रेडिट ब्यूरोंनी २०२२-२३मध्येच अहवालातून काढून टाकली, आणि नवी थकबाकी वर्षभर दाखवत नाहीत. सगळंच वैद्यकीय कर्ज काढायचा केंद्राचा जानेवारी २०२५चा नियम जुलैमध्ये टेक्ससच्या फेडरल कोर्टाने रद्द केला, पण न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कचे स्वतःचे कायदे तशी नोंदच करू देत नाहीत.

बिल खरं निघालं आणि हॉस्पिटल ना-नफा असेल तर आर्थिक साहाय्याचा अर्ज मागा. पहिल्या बिलापासून किमान २४० दिवस तो घ्यावाच लागतो. पगार बरा आहे म्हणून लोक विचारतच नाहीत. विचारा.

समन्स आलं तरी गप्प बसणं

पत्राकडे दुर्लक्ष केलं तर फार तर तगादा वाढेल. कोर्टाच्या समन्सकडे केलं तर एकतर्फी निकाल लागतो, मग पगारातून कपात होऊ शकते. "कर्ज जुनं आहे, मुदत संपली आहे" हे तुम्ही उत्तरात मांडावं लागतं, कोर्ट ते तुमच्या वतीने शोधत बसत नाही. न्यू जर्सीत उत्तर द्यायला साधारणपणे ३५ दिवस मिळतात. त्या ३५ दिवसांत मला नको, वकिलाला फोन करा. परवडत नसेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी आहे.

आणि प्रकरण मिटलं की, पैसे भरून मिटो किंवा न भरता, बाकी शून्य असल्याचं पत्र खाते क्रमांकासह लेखी मागून घ्या. हीच थकबाकी पुन्हा दुसऱ्या कुणाला विकली जाऊ शकते. एडिसनच्या त्या जोडप्याला पुढच्या वर्षी वेगळ्या एजन्सीचं पत्र आलं, रक्कम तीच. त्यांनी बाकी शून्य असल्याच्या पत्राची प्रत पाठवली, आणि नंतर काही आलं नाही.