पाऊस येण्याआधी खड्ड्यात एक बादली पाणी ओता

माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा मी इथे न्यू जर्सीत, एडिसनच्या घरी, फोन लागत नाही म्हणून जागत बसले होते. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १ सप्टेंबरला, आयडा वादळाचा पाऊस आमच्यावर कोसळला. पलीकडे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्या रात्री एका तासात ३.१५ इंच पाऊस मोजला गेला. आमच्या बेसमेंटमध्ये घोट्याच्या वर पाणी चढलं. आईने दिलेली पेटी खाली जमिनीवर होती, तिचा भाता भिजून फुगला.

बेसमेंटच्या खड्ड्यात जमणारं पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप बिघडला नव्हता, वीजही गेली नव्हती. पाण्याबरोबर वर येऊन पंप चालू करणारा फ्लोट स्वतःच्याच वायरीत अडकून खड्ड्याच्या भिंतीला टेकला होता. विजेचं पॅनेल वर गॅरेजमध्ये आहे म्हणून ब्रेकर बंद करता आला. मग काठीने फ्लोट मोकळा केला, ब्रेकर चढवला, आणि पंप लगेच घरघरायला लागला. तेव्हापासून या कामात मी जातीने लक्ष घालते.

कोकणात पाणी दारातून येतं, इथे ते जमिनीखालून येतं. घराच्या पायाभोवतीच्या भोकांच्या पाइपमधून ते सम्पच्या खड्ड्यात जमतं आणि पंप ते बाहेर फेकतो. खड्डाच नसेल तर काँक्रीट फोडून तो करायचं काम माहीतगाराला द्या. टाउनशिपचं परमिट लागतं का तेही आधी विचारा. जुना पंप काढून नवा बसवणं मात्र घरी दोन तासांत होतं.

किती ताकदीचा पंप घ्यायचा हे दुकानात ठरवू नका. जोराच्या पावसात पंप बंद ठेवून एक मिनिट घड्याळ लावा आणि पाणी किती इंच चढलं ते बघा. १८ इंच व्यासाच्या खड्ड्यात एक इंच पाणी म्हणजे साधारण १.१ गॅलन. मिनिटाला दहा इंच चढलं तर तासाला ६६० गॅलन झाले. पंपाच्या खोक्यावर किती फूट उंचीला किती गॅलन हे छापलेलं असतं. आपला पाइप जितका उंच चढतो त्या उंचीचा आकडा वाचा आणि तो आपल्या गरजेच्या दुप्पट तरी असू द्या. आमच्याकडे १/३ हॉर्सपॉवरचा पुरतो. फार मोठा घेतला तर तो क्षणात खड्डा उपसून बंद होतो, परत चालू होतो, आणि त्या चालू-बंदमध्येच मोटर झिजते.

बसवण्याआधी प्लग काढा. खड्ड्यातला गाळ आणि सुटी खडी उपसा. पंप खडीवर ठेवू नका, खाली सपाट फरशी द्या, नाहीतर खडे तोंडात जाऊन पंखा अडकतो. वर दीड इंची पीव्हीसी पाइप जोडा. पाणी मागे येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवरचा बाण वरच्या दिशेला हवा. तो व्हॉल्व्ह रबरी जोड आणि क्लॅम्पने बसवा, म्हणजे पुढच्या वेळी पाइप कापावा लागत नाही. व्हॉल्व्ह नसेल तर पंप थांबल्यावर पाइपमधलं पाणी मागे येतं. दहा फूट पाइपमध्ये गॅलनभर पाणी असतं, तेच पंप पुन्हापुन्हा उपसत राहतो.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. पंप आणि चेक व्हॉल्व्ह यांच्यामधल्या पाइपला झाकणाखाली ३/१६ इंचाचं भोक पाडा, तिरकं, खड्ड्याच्या तळाकडे. नाहीतर हवा कोंडते, पंप गुणगुणतो पण पाणी चढत नाही. काही पंपांना हे भोक कारखान्यातूनच असतं, म्हणून माहितीपत्रक वाचूनच ड्रिल हातात घ्या. शेवटी फ्लोट बोटाने पूर्ण वर-खाली करून बघा, भिंतीला, पाइपला, वायरीला कुठेच लागता कामा नये. जादा वायर पाइपला बांधून टाका. आमची चूक तिथेच झाली होती.

पाणी बाहेर निदान दहा फूट लांब आणि उताराकडे सोडा, नाहीतर तेच फिरून पायाशी येतं. शेजाऱ्याच्या अंगणात नको, आणि सांडपाण्याच्या ड्रेनला जोडायला बहुतेक गावांत मनाई आहे. बाहेरचा लवचिक पाइप मी नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात काढून ठेवते. त्यात पाणी साचून गोठलं की पंप बंद तोंडावर जोर लावत राहतो.

पंप चालला नाही तर लगेच नवा आणायला धावू नका. आधी भिंतीवरच्या सॉकेटचं रीसेटचं बटण उडालंय का बघा, मग ब्रेकर. नंतर फ्लोट. मोटर गुणगुणते पण पाणी जात नसेल तर प्लग काढून खालची जाळी साफ करा, मग पाइपला पाडलेलं ते भोक बुजलंय का बघा. पंप थांबताना पाइपमध्ये धाडकन आवाज येत असेल तर चेक व्हॉल्व्ह तपासा. मोटर गरम होऊन जळका वास आला तर मात्र ती उघडत बसू नका, पंप बदला. मी झाकणावर मार्करने बसवल्याची तारीख लिहिली आहे. आठेक वर्षं झाली की चालू पंपसुद्धा बदलायचा असं ठरवलंय.

वादळात वीज जाते तीही नेमकी पाण्याच्या वेळी. त्यासाठी बॅटरीवर चालणारा दुसरा पंप त्याच खड्ड्यात, पहिल्यापेक्षा थोडा वर बसवा. गाडीची बॅटरी घेऊ नका, ती पूर्ण उतरली की लवकर खराब होते. डीप सायकल बॅटरी घ्या, आणि पाणी घालायची असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला.

महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, मी खड्ड्यात बादलीने सावकाश पाणी ओतते. फ्लोट हाताने उचलला तर मोटर चालते एवढंच कळतं, तो पाण्यावर आपण होऊन उठतो का ते कळत नाही. मग बॅटरीच्या पंपासाठी मुख्य पंपाचा प्लग काढून पुन्हा ओतते.

पाणी आधीच साचलं असेल आणि सॉकेट किंवा वायर त्यात बुडाली असेल, तर बेसमेंटमध्ये उतरू नका. पॅनेलही खालीच असेल तर वीज कंपनीला फोन करा.

घराच्या साध्या विम्यात असं नुकसान सहसा धरत नाहीत, आम्हाला ते नंतर कळलं. सम्प भरून वाहिल्याची भरपाई वेगळी जोडून घ्यावी लागते, आणि पुराचा विमा तर आणखी वेगळा, तो बहुधा ३० दिवसांनी लागू होतो. वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, म्हणून एजंटला फोन एप्रिलमध्येच करा.