नायट्रो हेलीचा जोर गेला? नीडल फिरवण्याआधी या चुका टाळा

नायट्रो हेली, म्हणजे नायट्रो इंधनावर चालणारं रिमोटचं मॉडेल हेलिकॉप्टर, वर चढायला लागतं, मध्येच इंजिनाचा आवाज बसतो, रोटर मंदावतो, आणि पिच (पात्यांचा कोन) वाढवावा तसं ते आणखीच खाली येतं. अशा वेळी मैदानावर पहिला हात जातो तो नीडलकडे, म्हणजे कार्ब्युरेटरमधून किती इंधन जावं हे ठरवणाऱ्या स्क्रूकडे. दोन क्लिक आत, तीन बाहेर, परत दोन आत. थोड्याच वेळात मूळ सेटिंग काय होतं हेही कुणाला सांगता येत नाही. काल नीट उडणारं हेली आज दमत असेल, तर नीडल रातोरात आपली आपण फिरलेली नसते. दुसरंच काहीतरी बदललेलं असतं आणि आधी ते शोधायचं असतं.

खालचं सगळं ५० क्लासच्या, म्हणजे साधारण ८ सीसी ग्लो इंजिनाच्या (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणाऱ्या) हेलीबद्दल आहे. ३० आणि ९० क्लासलाही ते बहुतेक लागू पडतं. पेट्रोल आणि बॅटरीवाल्या हेलींची दुखणी वेगळी.

जोर इंजिनातूनच गेलाय, हे गृहीत धरणं

आधी कान द्या. इंजिनाचा आवाज आणि रोटर दोन्ही एकदमच बसले, तर दोष इंजिनात, इंधनात किंवा आपण मागतोय त्या पिचमध्ये. पण इंजिन रेस होतंय आणि रोटर मात्र मंदावतोय, असं असेल तर क्लच घसरतोय. अशा हेलीची नीडल दिवसभर फिरवली तरी काही होणार नाही. क्लच बेल (क्लचवरची वाटी) काढून पाहा. आत लाइनिंग झिजलेलं असेल, बेलवर तापल्याची निळसर झाक असेल, किंवा इंजिनाच्या पुढच्या बेअरिंगमधून झिरपलेलं तेल लाइनिंगवर पसरलेलं असेल. तिसरं कारण लोक हमखास विसरतात. नवं लाइनिंग बसवतात, आणि गळकं बेअरिंग तसंच असल्यामुळे तेही काही दिवसांत तेलकट होतं. ऑटोरोटेशनचं (इंजिन बंद पडलं तरी रोटर मोकळा फिरू देणारं) वन-वे बेअरिंग घसरलं तरी लक्षणं हीच.

गव्हर्नर चालू ठेवून दोष शोधणं

गव्हर्नर रोटरचा वेग टिकवायला गुपचूप थ्रॉटल उघडत राहतो. इंजिन अशक्त होत जातं आणि आपल्याला ते कळत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडून झाला की मग एकदम सगळं कोसळल्यासारखं वाटतं. तपासणी आणि ट्यूनिंग दोन्ही करताना गव्हर्नर बंद, साध्या थ्रॉटल कर्व्हवर (स्टिकच्या जागेनुसार आधीच ठरवलेल्या थ्रॉटलवर).

जोर नेमका कधी जातो, हे न पाहणं

माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं.

पहिल्या मिनिटापासूनच जोर नसेल तर प्लग, इंधन, लिंकेज (सर्व्हो आणि कार्ब्युरेटर जोडणारी दांडी) किंवा पिच. सुरुवात छान होऊन तीन-चार मिनिटांनी दम लागत असेल तर इंजिन तापतंय: मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) आहे, किंवा फॅन आणि त्याच्या आवरणातून हवा पुरेशी जात नाही. फॅन शाफ्टवर सैल झालाय का, आवरण तडकलंय का, हे पाहायला एक मिनिट लागतं.

टाकी अर्धी होईपर्यंत सगळं ठीक आणि मग एकदम लीन, हा प्रकार सर्वांत फसवा. टाकीच्या आत क्लंकला (इंधन ओढणाऱ्या टोकाच्या वजनाला) जोडलेल्या नळीला टाचणीएवढं भोक पडलं की टाकी भरलेली असताना ते इंधनाखाली बुडालेलं असतं. पातळी खाली गेली की त्यातून हवा आत खेचली जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले तर टाकी खोलून आतली नळी बदलाच. ती ताणून, वाकवून पाहिल्याशिवाय भोक दिसत नाही. टाकी थेट फ्रेमला घासत असेल तर थरथरीनेही इंधनाला फेस येतो, म्हणून मध्ये फोमची पट्टी हवी.

सायलेन्सरकडून टाकीत जाणारी प्रेशरची नळीही याच वेळी पाहून घ्या. हेलीच्या थरथरीने सायलेन्सरचे बोल्ट ढिले होतात, तिथून धूर निसटतो, टाकीवरचा दाब पडतो आणि चढताना इंधन कमी पडतं. बोल्टच्या आसपास काळपट तेलाचा ओघळ दिसला की समजावं. कार्ब्युरेटरच्या बुडाची किंवा बॅकप्लेटची (इंजिनाच्या मागच्या झाकणाची) रबरी रिंग गेली असेल तर तिथून फुकटची हवा आत शिरते, आणि मग आयडलही एका जागी थांबत नाही.

जुना प्लग, उघडं इंधन

प्लग पेटतोय म्हणजे तो चांगला आहे, असं नाही. आयडलवर ग्लोची क्लिप (प्लगची तार तापवणारी बॅटरीची जोडणी) काढल्यावर आवाज स्पष्ट खाली आला तर प्लग कमजोर आहे, किंवा मिश्रण फार रिच (इंधन जास्त). तार पांढुरकी, वेडीवाकडी झालेली असेल तर इंजिन लीन चाललंय. प्लगवर धातूचे बारीक कण दिसले तर उडवणं थांबवा: आत बेअरिंग किंवा पिस्टन झिजतोय. शंका आली की आधी प्लग बदलून पाहावा, सर्वांत स्वस्त चाचणी तीच.

इंधनातलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये झाकण नीट न लावलेला कॅन महिनाभर पडून राहिला, तर त्या इंधनावर इंजिन ट्यून करू नये. रंगावरून काही कळत नाही. ताज्या सीलबंद कॅनमधून एक टाकी उडवून पाहा, उत्तर मिळेल. मिथेनॉल विषारी आहे आणि उन्हात त्याची ज्वाला दिसत नाही, हे भरताना ध्यानात असू द्या.

इंजिनाला न झेपणारा पिच

ट्रान्समीटरवर थ्रॉटल १०० टक्के दिसतो, पण कार्ब्युरेटरचा बॅरल (हवेची वाट उघडणारा फिरता भाग) खरंच पूर्ण उघडतो का? एअर फिल्टर असेल तर काढा आणि डोळ्यांनी पाहा. मग पिच गेज लावा. ५० क्लासला वरचा पिच साधारण १० ते ११ अंशांच्या वर गेला की धडधाकट इंजिनही चढताना बसतं. थ्रीडी (कसरतीचं उड्डाण) करणाऱ्या मित्राचं सेटिंग जसंच्या तसं उचलणाऱ्यांची तक्रार बहुधा हीच असते.

आता नीडल

वरचं सगळं तपासून झाल्यावर. आधी नीडल पूर्ण बंद होईपर्यंत किती वळसे लागतात ते मोजून लिहून ठेवा आणि तितकेच परत उघडा. रिच इंजिन बसताना गुरगुरतं, धूर भरपूर सोडतं. लीन इंजिन आधी खूश करतं: काही सेकंद जोर वाढल्यासारखा वाटतो, मग आवाज ताणल्यासारखा होऊन बसतो आणि धूर जवळपास नाहीसा होतो. आवाज बसला की नीडल आवळायची (म्हणजे इंधन आणखी कमी करायचं), या सवयीने कित्येक पिस्टन गेलेत. नेहमी रिच बाजूने या, एका वेळी एक-दोन क्लिक, प्रत्येक वेळी पूर्ण जोराची एक चढण. उतरून, इंजिन बंद करून, रोटर थांबल्यावर बॅकप्लेटला बोट लावा. दोन-तीन सेकंद ठेवता आलं तर ठीक. लगेच काढावं लागलं तर नीडल उघडा.

नागपूरच्या मे महिन्यात बसवलेली नीडल डिसेंबरच्या गार सकाळी लीन ठरते, कारण थंड हवा दाट असते. ऋतू बदलला की पहिलं उड्डाण दोन-तीन क्लिक उघडून करावं.

एवढं करूनही जोर येत नसेल, तर गार आणि गरम इंजिन हाताने फिरवून कॉम्प्रेशन पाहा. गरम झाल्यावर अडणंच नाहीसं होत असेल तर पिस्टनची रिंग किंवा लायनर (सिलिंडरची नळी) संपलाय. खरखर लागत असेल तर मागचं बेअरिंग गंजलंय, आणि तो गंज टाकीत इंधन ठेवून, आफ्टर-रन तेल (उड्डाणानंतर घालायचं गंजरोधक तेल) न घालता घरी नेलेल्या संध्याकाळींचा असतो. अशा वेळी बेअरिंग, पिस्टनची रिंग आणि बॅकप्लेटची रबरी रिंग एकदमच बदला. पुन्हा पुन्हा इंजिन खोलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.