ट्रेलर सोडताना केबिनमध्ये काय काय पाहिजेच
भावांनो, कोल्हापूरच्या शिरोली नाहीतर कागल एमआयडीसीत ट्रेलर सोडायचा, म्हणजे हॉर्सपासनं (पुढच्या ओढणाऱ्या गाडीपासनं) वेगळा करायचा, तर पहिली गरज हुक लावलेल्या लोखंडी सळईची. फिफ्थ व्हीलचा (हॉर्सवरच्या, ट्रेलर अडकवायच्या प्लेटचा) लिव्हर आत असतोय, हातानं ओढायला गेलं की माणूस ट्रेलरखाली वाकतोय आणि कंबर धरतीया, शिवाय ग्रीसनं शर्ट खराब. उद्यमनगरात कुठल्याबी वेल्डिंगवाल्याकडनं दोनअडीच फुटी सळई, एका टोकाला हुक, दुसरीकडं आडवा दांडा असं करून घ्या, लई काम करतंय.

लिव्हर हालत नसला तर हातोडी मारत बसू नका, किंगपिनवर (ट्रेलरखालच्या, त्या प्लेटमध्ये अडकणाऱ्या खुंटीवर) ताण असतोय, हॉर्स जरासा मागं दाबा, ताण सुटला की लिव्हर अलगद येतोय.

पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती लोण्यासारखी होतीया, लेगखाली (सोडलेला ट्रेलर ज्यावर उभा राहतोय त्या पायांखाली) जाड लाकडी फळ्या टाकल्याशिवाय सोडू नका. माझा एकदा भरलेला ट्रेलर रात्रीत एका बाजूला वीतभर रुतला, सकाळी क्रेन बोलवाय लागली.

चाकाला दोन ठोकळे, रबरी पकडीचे हातमोजे, आणि कपाळावर बांधायची बॅटरी, कारण मोबाईल तोंडात धरून ब्रेकचा एअर पाईप काढणं धोक्याचं हाय. पाईप काढायच्या आधी पार्किंग ब्रेक, ठोकळे आणि लेग खाली, हे तिन्ही झालंच पाहिजे. पाईपच्या कपलिंगचं (जोडाचं) रबर फडक्यानं पुसा, खडा अडकला की हवा गळतीया.

शेवटी हॉर्स हळू पुढं घ्या, चासी ट्रेलरखालीच असताना थांबा, उतरून लेग बघा, मगच निघा.